दादांच्या चेहऱ्यामागून

"यात नवीन काय?"

हा प्रश्न तुम्हालाही कुणी ना कुणी विचारला असेल, पण विचारणाऱ्याच्या आवाजात तेव्हा थोडा तरी कुचकेपणा असतो. आमच्या शेजारच्या गाळ्यातले सर तो अगदी मनापासून विचारायचे. माझ्या भाचीचं लग्न ठरलं म्हणून मी त्यांच्यापुढे पेढे धरले, तर त्यांनी एक पेढा उचलला, उलटा करून त्याची खालची बाजू पाहिली, तोंडात टाकला आणि म्हणाले, "वा! आणि यात नवीन काय?" पेढ्यात की लग्नात, हे मला कळलं नाही. मी आपलं "वेलदोडा जरा जास्त आहे" असं सांगितलं आणि त्यांचं समाधान झालं.

आधीच सांगून टाकते, मला हा माणूस कळला नाही. इतकी वर्षं आमच्या दोघांत एक भिंत होती, आणि त्या भिंतीतून त्यांची शिंकसुद्धा मला ऐकू यायची. तरीही नाही कळला. तुम्हाला कळला तर मला जरूर सांगा.

चिंचवड स्टेशनजवळच्या एका जुन्या कॉम्प्लेक्समध्ये, पहिल्या मजल्यावर माझं ड्रॉइंगचं ऑफिस आहे. छोटे कारखानदार एखादा सुटा भाग घेऊन येतात, मी त्याची मापं घेते आणि कॉम्प्युटरवर त्याचं ड्रॉइंग करून देते. एक दिवस शेजारच्या रिकाम्या गाळ्यावर पाटी लागली. वर "डॉ." आणि नाव, खाली "पीएच.डी., रसायनशास्त्र", आणि त्याखाली मोठ्या अक्षरात "पेटंट एजंट".

या पाटीनं जो घोळ घातला तो विचारू नका. "डॉ." वाचून काळेवाडीची एक बाई खोकणाऱ्या मुलाला घेऊन आत शिरली. "एजंट" वाचून लोक लायसन काढायला यायचे. "पेटंट" म्हणजे कंपनीचं तयार औषध, असं समजून एक आजोबा गुडघ्याचं तेल मागत होते. आणि हळूहळू कुणीतरी पसरवलं की हे कसलेसे वकील आहेत, तेव्हापासून आसपासच्या गावांतली मंडळी सातबाऱ्याचे उतारे घेऊन जिना चढायला लागली. कुणालाही ते दारातून परत पाठवत नसत. खोकणाऱ्या मुलाच्या औषधाची बाटली त्यांनी उलटी करून वाचली, त्यात काय काय आहे ते त्या बाईला समजावलं आणि तिला वरच्या मजल्यावरच्या खऱ्या डॉक्टरांकडे नेऊन सोडलं. जमिनीची भांडणं तर ते पणजोबांपासून ऐकून घ्यायचे. सगळं ऐकून झाल्यावर म्हणायचे, "यातलं मला काही कळत नाही हो. मी वकील नाही."

"मग कोण तुमी?" समोरचा हैराण.

"तोच तर प्रश्न आहे," असं म्हणून ते चहा मागवायचे.

खरंच, ते वकील नव्हते. कोर्टात उभं राहण्याचा त्यांना अधिकार नव्हता. विज्ञानाची पदवी असली आणि सरकारची एक कठीण परीक्षा पास झालात की पेटंटचे अर्ज लिहिता येतात, आणि पेटंट ऑफिसातल्या अधिकाऱ्यांपुढे बाजू मांडता येते, एवढंच. रसायनशास्त्रातले त्यांचे जुने सहकारी म्हणायचे, हा वकील झाला. वकील म्हणायचे, हा प्रयोगशाळेतला माणूस. आमचा वॉचमन त्यांना "वकील डॉक्टर" म्हणायचा आणि मला वाटतं तोच सगळ्यात जवळ पोचला होता.

पेटंट म्हणजे काय हे मलाही तेव्हा धड माहीत नव्हतं. माझे सासरे पाहुणे आले की एकच विनोद सांगतात, त्याला आम्ही घरात त्यांचा पेटंट विनोद म्हणतो. हे ऐकल्यावर सर कळवळले. "मॅडम, जे आजवर कुणीच केलं नाही, त्याला सगळं जग पेटंट म्हणतं. आणि जे रोज उठून केलं जातं, त्याला आपण पेटंट म्हणतो! अशा भाषेत मी धंदा कसा करायचा?"

पण केला. आणि त्यांच्या अर्जांसाठी लागणाऱ्या आकृत्या माझ्याकडे आल्या. तिथे माझी खरी परीक्षा सुरू झाली. मी एका आकृतीत नट दाखवून त्याला "नट" असं नाव दिलं. त्यांनी ते खोडून लिहिलं, "जोडणीचे साधन."

"अहो सर, हा नट आहे. सरळ दिसतोय नट."

"आज नट आहे. उद्या कुणी तिथे रिव्हेट मारला आणि म्हणाला की माझी वस्तू वेगळी, तर?"

मग चाकाचं "फिरणारा भाग" झालं, झाकणाचं "आवरण", आणि खिळ्याला काय म्हणायचं यावर आमची अख्खी दुपार गेली. एक चाक असलं तरी ते "किमान एक" असायचं, कारण उद्या कुणी दोन लावली तर? ही सवय त्यांच्या अंगातच मुरली होती. चहात साखर किती, असं विचारलं की उत्तर यायचं, "किमान एक चमचा." आमचा चहावाला बिचारा सुरुवातीला तीन-तीन घालायचा. त्याच्या लेखी किमान म्हणजे भरपूर.

हे असं बोलणारा माणूस प्रयोगशाळा सोडून इथे कसा आला, हे मी त्यांना वेगवेगळ्या वेळी विचारलं आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाले, तिथल्या रसायनांनी अंगावर पुरळ यायचं. एकदा म्हणाले, बायकोला मुंबईत नोकरी लागली, मग मीही तिथल्या एका पेटंट फर्ममध्ये चिकटलो, मग पिंपरीतल्या एका कंपनीनं बोलावलं, असं करत करत इथे. त्यांच्या पत्नी एकदा ऑफिसात आल्या होत्या, त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पुरळ? यांना? कधीच नाही." आता काय खरं मानायचं? एकदा मात्र पावसानं दिवे गेले होते, दोघांनाही काम नव्हतं, तेव्हा ते आपणहून बोलले. "माझा प्रबंध केवढा जाड होता, मॅडम. त्यातलं एक वाक्य कुणी वाचलं नाही. गाइडनंसुद्धा नाही. इथे मी 'किंवा'च्या जागी 'आणि' लिहिलं तरी कुणीतरी भांडायला टपलेला असतो. शत्रू असेना, पण वाचतो तर! बरं वाटतं." मला हसावं की वाईट वाटून घ्यावं ते समजेना. मी मेणबत्ती शोधायला उठले.

आता दाजींविषयी सांगते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, चाकणकडच्या एका जुन्या गावातले. घरची जमीन कारखान्यांसाठी गेली. दाजी आधी तिथल्याच एका कंपनीत कामाला लागले, आणि मग त्यांनी स्वतःचं शेड टाकलं. काम काय, तर मोठ्या कंपन्यांनी दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे भाग करून द्यायचे.

कंपन्यांमध्ये सुटे भाग वाहून न्यायला एक ट्रॉली असते. तिच्या फळीखाली स्प्रिंगा असतात. वरचे भाग काढत जाल तशी फळी आपोआप वर येते, म्हणजे कामगाराला वाकावं लागत नाही. पण एकदम बरेचसे जड भाग उचलले की हीच फळी खाडकन वर उसळते. दाजींच्या उजव्या हाताचं मधलं बोट कंपनीत असताना अशाच एका ट्रॉलीनं अर्धं नेलं. पुढे स्वतःच्या शेडमध्ये त्यांनी एक ट्रॉली बनवली आणि तिच्या पोटात भंगारातल्या बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच बसवला. हा क्लच जोरात फिरला की स्वतःहून पकडतो आणि हळू फिरला की मोकळा राहतो. त्यामुळे दाजींची फळी कितीही ओझं काढलं तरी सावकाश वर यायची. तुम्ही खुशाल हात घालून बघा, असं म्हणत ते स्वतःचंच अर्धं बोट आत घालून दाखवायचे. माझी बहीण तोंड फिरवायची.

एका मोठ्या कंपनीला ट्रॉली पसंत पडली. चाचणीच्या वेळी झाकण बंद होतं आणि गुप्ततेच्या कागदावर सह्या झाल्या होत्या. पण मागणी द्यायची तर आणखी दोघा-तिघांकडून तशाच ट्रॉलीचे भाव मागवावे लागतील, असं तिथल्या खरेदीच्या साहेबांनी सांगितलं. तेव्हा दाजी माझ्याकडे आले.

"आजवर समदी दुसऱ्याची कामं केली गं," ते म्हणाले. "दुसऱ्याचं ड्रॉइंग, दुसऱ्याचा माल, आन् वर दुसऱ्याच्या शिव्या. ही येकच वस्तू माझी हाय. ती माझीच ऱ्हायली पायजे."

मी त्यांना शेजारी नेलं. सर शेडवर आले, त्यांनी सवयीप्रमाणे ट्रॉली आडवी पाडायला लावली, खालून नीट पाहिली आणि विचारलं, "यात नवीन काय?"

दाजींचा चेहरा पडला. "समदंच नवीन हाय की ओ!"

"फळी जुनी. स्प्रिंग जुनी. चाकं जुनी. क्लच तर तुम्हीच म्हणता भंगारातला." मग ते गुडघ्यावर बसून बराच वेळ आत बघत राहिले. "पण हा क्लच ट्रॉलीत कुणी बसवलेला मी वाचला नाही. आणि हा फळीखालचा सांधाही वेगळा आहे. दोन गोष्टी नवीन आहेत. किमान दोन."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. ही स्तुती होती हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं.

नवरात्राच्या सुरुवातीला अर्ज तयार झाला. सर म्हणाले, आजच दाखल करू. आमच्या कामात तारखेला फार महत्त्व असतं, जितकी आधीची तितकी चांगली. दाजींना यातलं तारखेचं महत्त्व तेवढं बरोबर कळलं. "मंग दसऱ्यालाच करू की सर. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त हाय. चांगल्या कामाला चांगला दिस नगं का?" सरांनी त्यांना तारीख आणि मुहूर्त यांतला फरक सांगून पाहिला. दाजी हसतमुखानं सगळं ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, "व्हय, तेच म्हन्तोय मी." सर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. शेवटी एवढंच ठरलं की तोवर ट्रॉली कुणालाही दाखवायची नाही. दाजींनी गळ्याची शपथ घेतली.

शपथ त्यांनी पाळलीही. पण खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते, आणि जो भाग राबतो त्यालाच हळदकुंकू लावायचं, अशी दाजींच्या शेडमधली रीत. ट्रॉलीत राबतो तो भाग पोटात. म्हणून झाकण काढून, ट्रॉली आडवी करून, तिला झेंडूचा हार घातला. फोटो काढला. फ्लेक्सचं दुकान असलेल्या मित्रानं कौतुकानं तो मागितला आणि दाजींनी पाठवला.

दसऱ्याच्या दुपारी सर आणि मी त्यांच्या गाडीतून निघालो. जेवण दाजींकडे, श्रीखंड-पुरीचं. अर्ज माझ्या लॅपटॉपवर होता. तो ऑनलाइन असल्यामुळे सुट्टीची अडचण नव्हती, आणि जेवण झालं की दाजींच्या हातानं बटण दाबायचं, असं ठरलं होतं. चाकणच्या चौकात व्हायचा तेवढा उशीर झाला. गावाच्या फाट्यावर सरांनी एकदम गाडी कडेला घेतली आणि काही न बोलता उतरले.

समोर फ्लेक्स होता. चांगला दुमजली. "पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली गॉगल लावलेले दाजी, शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, आणि मधोमध, हार घातलेली, झाकण उघडलेली, पोट दाखवत आडवी पडलेली आमची ट्रॉली.

एवढं काम करून मलाही आता ठाऊक झालं होतं की वस्तू अर्जाच्या तारखेआधी, अगदी एक दिवस का होईना, चारचौघांत उघड झाली की ती नवीन राहत नाही. कायद्याच्या लेखी ती जुनी. मग ती कुणीही बनवावी.

फोन केल्यावर दाजी मोटारसायकलवरून आलेच. चेहरा फुललेला. "बघितला का सर? पोरांनी काय येळ घालवला न्हाई. काल सांजच्यालाच लावला!"

"काल," सर म्हणाले. "आज सकाळी नाही? नक्की काल?"

"कालच की! पूजा झाली, फोटू गेला, फ्लेक्स लागला."

सर फ्लेक्सच्या खांबाला टेकून उभे राहिले. मी दाजींना सगळं समजावलं. त्यांना पटायलाच वेळ लागला. अभिनंदन केल्यानं वस्तू हातची जाते, हे कुणाला पटेल? पटलं तेव्हा ते तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसले.

"एक वाट आहे," सर म्हणाले. "तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणी ते उघड केलं असेल, तर कायदा सूट देतो. तुम्ही फोटो दिलात तो फ्लेक्ससाठी दिलात का?"

त्या वेळी दाजींनी नुसतं "नाही" म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात तसं ओरडत होते. पण ते सरळ म्हणाले, "आता फोटू मागितला म्हनल्यावर फ्लेक्स लागनारच की ओ. त्यात इचारायचं काय ऱ्हातं?"

"म्हणजे तुमची संमती होती."

"संमती म्हंजे... खूश व्हतो मी."

सरांनी मान हलवली. मग ते फ्लेक्सच्या अगदी खाली गेले आणि उन्हात मान वर करून ट्रॉलीकडे बघत राहिले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं, फोनवर फोटो काढला. समोरच्या टपरीतला माणूस धास्तावून आला. "साहेब, परवानगी काढलीया बरं का. दोन दिसांत उतरवतोच." सरांनी त्याचं ऐकलंही नाही. ते एकदम माझ्याकडे वळले.

"मॅडम, हे गृहस्थ कोण?"

फ्लेक्सवर प्रेरणास्थानाचा चेहरा लागतोच. इथेही गावच्या दादांचा गोल फोटो होता, हात जोडलेला, सोन्याच्या साखळीसकट, आणि जागा पुरली नाही म्हणून मित्रानं तो ट्रॉलीवरच चिकटवला होता.

"दादा आहेत," मी म्हटलं.

"यांचे फार उपकार आहेत आपल्यावर. यांच्यामागे क्लच आहे."

आम्ही तिघेही वर बघायला लागलो. खरंच, फळीखालचा सांधा स्वच्छ दिसत होता, स्प्रिंगा दिसत होत्या, पण क्लच बसवला होता बरोबर तिथेच दादांचं हसरं तोंड होतं. क्लचचा कोपरासुद्धा बाहेर आला नव्हता. सर तिथून तडक फ्लेक्सच्या दुकानात गेले आणि मूळ फोटो त्या मित्राकडून पुढे कुणालाच गेलेला नाही, याची त्याच्या फोनमध्ये बघून खात्री करून घेतली. आणि तिथून दाजींच्या घरी.

त्या दुपारी श्रीखंड तसंच राहिलं. बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सरांनी अर्ज पुन्हा लिहिला. सांधा गेला, तो आता जगाचा झाला होता. उरला फक्त क्लच. दिवस मावळायच्या आत दाजींनी बटण दाबलं. मुहूर्त साधला म्हणून ते खूश होते. सर पार दमले होते, आणि अर्धं गेलं म्हणून दुःखी की अर्धं राहिलं म्हणून सुखी, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पेटंट ऑफिसातून यथावकाश शंका विचारणारं पत्र आलं. जुन्या कुठल्या कुठल्या ट्रॉल्यांचे दाखले होते, फ्लेक्सचा त्यात उल्लेखही नव्हता. कसा असेल? तो कधीच उतरला होता. सरांनी उत्तराचा मसुदा दाजींना फोनवर पाठवला. दाजींनी तो इंग्रजी मजकूर न वाचता दोन जोडलेले हात पाठवून दिले. उत्तर गेल्यावर केव्हातरी त्यांनी सहज ते उघडलं आणि त्यात त्यांना त्या फ्लेक्सचा फोटो दिसला.

दाजी माझ्याकडे आले तेच लालबुंद होऊन. मी वाचून दाखवलं. सरांनी लिहिलं होतं की अर्जाच्या आदल्या संध्याकाळी ही वस्तू अशा प्रकारे उघड झाली होती, फोटोत दिसतं तेवढं आम्ही आमचं म्हणत नाही, आणि आमचा दावा या गृहस्थांच्या चेहऱ्यामागून सुरू होतो.

भिंतीपलीकडे काय झालं ते मी उठून न जाता ऐकलं.

"त्यांनी इचारलं व्हतं का?"

"नाही."

"मंग तुमाला कुनी सांगितलं व्हतं सांगायला?"

"मी तो फ्लेक्स बघितलाय ना."

"तुमी बघितलाय तर तुमी इसरा की! माझा घास हाय तो, सर. तुमचं काय जातंय?"

"ते विसरणं मला जमत नाही हो," सर म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला कान लावावा लागला.

दाजी त्यानंतर त्यांच्याशी बोलले नाहीत. मला विचाराल तर मीही दाजींच्याच बाजूची होते. न विचारता बोलायला जातंच कोण? घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, हा माणूस हुशार आहे की वेडा, हे मला एकदा कुणीतरी सांगा.

तरी पेटंट मिळालं. सर स्वतः माझ्या दारात येऊन सांगून गेले. "दाजींना कळवाल?" मी लगेच फोन लावला. दाजी "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला लागले. सर उभे होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "खूप आनंद झाला त्यांना. येणार आहेत." पुढे बरेच दिवस जिन्यावर पावलं वाजली की ते दारापर्यंत येऊन बघायचे. मला ते बघवत नसे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला सर गेले. सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले आणि गेले, असं त्यांच्या पत्नीनं सांगितलं. मी दाजींना कळवलं. फोनवर मागे शेडमधल्या मशीनचा आवाज येत होता. ते म्हणाले, "आज माल जायचाय गं." आणि आले नाहीत.

पेटंट मिळाल्यावरही वर्षभर, ज्याचा त्याच्याशी संबंध येतो अशा कुणालाही त्यावर हरकत घेता येते. तशीच ट्रॉली बनवायला निघालेल्या एका कारखानदारानं हरकत घेतली. सरांच्या ओळखीच्या, मुंबईच्या एक पेटंट एजंट बाई आमच्या बाजूनं उभ्या राहिल्या. सुनावणी कॉम्प्युटरवरच होती, म्हणून दाजी माझ्या ऑफिसात येऊन बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. समोरच्या वकिलांनी बरंच बोलून झाल्यावर मोठ्या ऐटीत एक फोटो पडद्यावर आणला. कुणीतरी फ्लेक्ससमोर उभं राहून स्वतःचा काढलेला, फेसबुकवरचा. मागे ट्रॉली, मागे दादा. अर्जदारानं ही गोष्ट लपवली, त्याचं पेटंट आजच्या आज रद्द करा, असं ते म्हणाले.

दाजींनी माझ्या खुर्चीचा हात घट्ट धरला.

अधिकाऱ्यांनी कागद खालीवर केले. "हा फ्लेक्स आमच्या फाइलमध्ये आहे," ते शांतपणे म्हणाले. "अर्जदारानं तो स्वतःच दिला होता. आम्ही तो बघून, विचार करूनच पेटंट दिलंय. तुमच्याकडे आणखी काही?"

समोरचे वकील आपले पहिलंच पुन्हा सांगायला लागले. पुढे महिन्याभरानं हरकत फेटाळल्याचं कळलं, पण ट्रॉली दाजींची राहिली ती त्या क्षणीच.

पडदा बंद झाला. मी दोन चहा सांगितले. दाजी भिंतीकडे बघत बसले होते. पलीकडे आता कुणा विमावाल्याचं ऑफिस आहे, त्यांचा प्रिंटर चालू होता.

"त्यांना ठाव व्हतं का गं, असं व्हनार म्हनून?" त्यांनी विचारलं. "म्हनून दिला व्हता का त्यो फोटू?"

"मला नाही माहीत, दाजी."

"का नुस्तं खोटं बोलवत नव्हतं म्हनून?"

सरांच्या तोंडून मला कधी सरळ उत्तर मिळालं असतं तर ना.

"न्हाई, म्हंजे हुशारीनं केलं असंल तर मी त्यांचं आभार मानाय पायजे व्हतं," दाजी म्हणाले. "आन् सरळपनानं केलं असंल तर पाय धरून माफी मागाय पायजे व्हती. नक्की काय मागायचं, तेवढं कळाय नगं का?"

त्यांनी खिशातून फोन काढला. अर्ध्या बोटानं खाली सरकवत सरकवत सरांचा नंबर काढला, आणि तो समोर धरून बसून राहिले. चहा आला, निवला, तरी ते तसेच होते.